चपलेतला दाबसेन्सर : लवचीक सेन्सर स्वतः घडवू पाहणाऱ्यांसाठी

अंगावर वागवायच्या इलेक्ट्रॉनिक साधनांपैकी दाब मोजणारा लवचीक सेन्सर नवशिक्याने हाती घेण्यास सर्वांत सोयीचा आहे. त्याचे साहित्य स्वस्त असते, त्यासाठी धूळमुक्त प्रयोगशाळा लागत नाही आणि तो नीट चालतो की नाही हे किराणा दुकानातल्या वजनांनी पडताळता येते. मात्र ‘दाबसेन्सर’ असे मोघम ध्येय ठेवून सुरुवात केली, तर टेबलावर बोट दाबले की दिवा लागतो इथवर काम पोहोचते आणि तिथेच थांबते. म्हणून या लेखात एकच वस्तू अखेरपर्यंत घडवायची आहे : ज्या माणसाच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याच्या चपलेत बसणारा आणि तळपायाखालच्या चार ठिकाणचा दाब मोजणारा पातळ थर.

ही वस्तू निवडण्याचे कारण आपल्याच भागात, विदर्भात आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, ते या भागातला कुष्ठरोगाचा प्रश्न समोर ठेवूनच. आज त्याच्या जोडीला मधुमेहाने सुन्न झालेले पायही गावोगावी दिसतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरोग्याच्या हातापायांची झीज बव्हंशी वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांमधून होते. पायात खडा रुतला, पऱ्हाटीचा खुंट टोचला किंवा एकाच जागी दिवसभर भार पडत राहिला, तरी सुन्न पायाचा माणूस वावरातले काम थांबवत नाही. सेन्सर त्याला वेदना परत देऊ शकणार नाही, पण ‘या जागी भार जास्त पडतो आहे, थांबा’ एवढे सांगू शकतो.

पहिली पायरी : आधी पाय, मग साहित्य

बहुतेक नवशिके आधी साहित्य मागवतात आणि मग ते कुठे लावायचे याचा विचार करतात. क्रम उलटा हवा, कारण किती दाब मोजायचा आहे हे ठरल्याशिवाय कोणते साहित्य योग्य हे ठरत नाही. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. १ चौरस सेंटिमीटर जागेवर १०० ग्रॅमचे वजन ठेवले की तिथे सुमारे ९.८ किलोपास्कल दाब पडतो. बोटाचा हलका स्पर्श साधारणपणे १० किलोपास्कलच्या आत असतो आणि मनगटावरची नाडी टिपायची असेल तर याच खालच्या पट्ट्यात बारीक फरक ओळखावे लागतात. तळपायाचे गणित वेगळे आहे. चालताना टाचेखाली आणि बोटांच्या मुळाशी काही शेकडा किलोपास्कल दाब क्षणभर येतो. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, एकदा जखम होऊन भरलेल्या पायासाठी, चपलेच्या आतील कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली राखावा असे सुचवले आहे. म्हणून आपला पल्ला २० ते ४०० किलोपास्कल धरू आणि त्यातही २०० च्या आसपासचा आकडा विश्वासार्ह असावा अशी अट घालू. १ किलोपास्कलचा बदल टिपणारा नाजूक सेन्सर इथे निरुपयोगी ठरेल, कारण तो पहिल्याच पावलात आपल्या मर्यादेला जाऊन टेकेल.

जागा ठरवण्यासाठी यंत्राची गरज नाही. गेरूच्या पातळ पाण्यात पाय बुडवून त्या व्यक्तीला जुन्या वर्तमानपत्रावरून दोन-चार पावले चालायला सांगावे. जिथे ठसा दाट उमटतो, तिथे भार जास्त असण्याची शक्यता असते. सामान्यतः टाच, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा, करंगळीच्या मुळाचा उंचवटा आणि अंगठ्याचे टोक या चार जागा निघतात, पण कुष्ठरोगाने बोटे झिजलेल्या किंवा वाकलेल्या पायात त्या बदलतात. म्हणून प्रत्येक पायाचा ठसा स्वतंत्र घ्यावा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना दाखवूनच जागांवर खूण करावी. पायावर उघडी जखम असेल तर ठसा घेऊ नये आणि हे काम जखम भरेपर्यंत पुढे ढकलावे.

दुसरी पायरी : मोजण्याचे तत्त्व निवडणे

दाबाचे विजेच्या भाषेत रूपांतर करण्याचे तीन मार्ग नवशिक्याला उपलब्ध असतात. पीव्हीडीएफ या प्लास्टिकची फिल्म दाबली असता स्वतःच विद्युतभार निर्माण करते. तिचा हा गुण १९६९ मध्ये उजेडात आला. नाडी, खोकला, टाचेचा ठोका अशा झटपट बदलणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम आहे, पण भार स्थिर राहिला की तिचा विद्युतभार झिरपून जातो आणि आकडा शून्याकडे येतो. धुऱ्यावर तासभर उभ्या असलेल्या माणसाच्या टाचेविषयी ती काहीच सांगू शकत नाही, म्हणून आपल्या कामातून ती बाद होते.

दुसरा मार्ग धारितेचा, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचा (कॅपॅसिटन्स). दोन पट्ट्यांमध्ये मऊ रबर ठेवले आणि ते दाबले, की अंतर कमी होऊन धारिता वाढते. हा मार्ग स्थिर दाबही मोजतो आणि वीज फार कमी खातो. सिलिकॉन रबराच्या सपाट थराऐवजी त्यावर सूक्ष्म पिरॅमिड उठवले तर संवेदनशीलता कितीतरी वाढते आणि रबर पूर्वस्थितीला लवकर येते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील झेनान बाओ यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. ज्यांना पुढे प्रयोग करायचे आहेत, त्यांनी पॉलिश पेपरवर सिलिकॉन ओतून खडबडीत थर काढून पाहावा. अडचण आकड्यांची आहे. १ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, अर्धा मिलिमीटर जाडी आणि २.७ इतका सिलिकॉनचा परावैद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) धरला, तर धारिता ५ पिकोफॅरडपेक्षाही कमी भरते. सेन्सरपासून सर्किटच्या पेटीपर्यंत जाणाऱ्या वायरचीच धारिता याहून जास्त असते आणि घामाने ओला पाय जवळ आला तरी आकडा हलतो. त्यासाठी शिल्ड केलेली, म्हणजे धातूच्या जाळीने वेढलेली वायर आणि खास चिप लागते. पहिल्या प्रयत्नात हे टाळावे असे माझे मत आहे.

तिसरा मार्ग रोधाचा (रेझिस्टन्स), म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आणि आपण तोच घेणार आहोत. कार्बनची पूड मिसळलेली काळी, अपारदर्शक प्लास्टिक फिल्म ‘व्हेलोस्टॅट’ या नावाने मिळते. ती मुळात इलेक्ट्रॉनिक भागांचे स्थिर विजेपासून रक्षण करणाऱ्या पिशव्यांसाठी तयार झाली. ती दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये ठेवून दाबली, की कार्बनचे कण एकमेकांच्या आणि पट्ट्यांच्या अधिक जवळ येतात आणि रोध कमी होतो. फिल्म सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते, कात्रीने कापता येते आणि साध्या मल्टिमीटरवर तिचे वागणे दिसते. तिचे दोषही ठळक आहेत : भार तसाच राहिला तरी तिचा आकडा हळूहळू सरकत राहतो, भार काढल्यावर ती लगेच मूळ जागी येत नाही आणि दोन तुकडे हुबेहूब सारखे वागत नाहीत. हे दोष लपवता येत नाहीत, ते मोजून हिशेबात धरावे लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख हाच आहे. तेच वजन पुन्हा ठेवल्यावर जवळपास तोच आकडा देणारा साधा सेन्सर हा प्रत्येक वेळी वेगळा आकडा देणाऱ्या अतिसंवेदनशील सेन्सरपेक्षा उपयोगाचा असतो.

तिसरी पायरी : थरांची मांडणी

कुष्ठरोग्यांसाठीच्या पादत्राणांत वापरले जाणारे एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर, सर्वांत वर पायाला लागून राहील. त्याच्या खाली आपला सेन्सर आणि त्याखाली चपलेचा टणक तळ. सेन्सर थेट पायाखाली ठेवला तर आकडा अधिक खरा येतो हे मान्य, परंतु सुन्न पायाखाली तांब्याची कड किंवा सोल्डरचा बारीक गोळा राहिला तर ज्या जखमेपासून बचाव करायचा तीच जखम आपण स्वतः तयार करू. या बाबतीत तडजोड नको. मऊ रबराच्या खाली दाब पसरतो, त्यामुळे सेन्सरवरचा आकडा त्वचेवरच्या दाबापेक्षा कमी येतो. म्हणून पडताळणी करताना तेच रबर वर ठेवूनच वजने मांडावीत.

सेन्सरचे स्वतःचे पाच थर असतात : पॉलिएस्टरचा पातळ कागद, त्यावर तांब्याची चकती, मग काळी फिल्म, पुन्हा तांब्याची चकती आणि पुन्हा पॉलिएस्टर. चकतीचा व्यास १.५ सेंटिमीटर ठेवावा. खालच्या तांब्याच्या चकतीभोवती पातळ दुहेरी टेपचे कडे लावावे आणि त्याच्या मधल्या भोकाचा व्यास १.६ सेंटिमीटर ठेवावा. फिल्म या कड्यावर टेकते आणि वरची चकती फिल्मवर. कड्यामुळे भार नसताना फिल्म खालच्या तांब्यापासून किंचित अलग राहते आणि शून्याचा आकडा स्थिर मिळतो. कड्यात एक बारीक वाट कापून ती चकतीला वायर जोडण्यासाठी ठेवलेल्या अरुंद शेपटीच्या दिशेने काढायची असते. ही वाट न ठेवल्यास आत अडकलेली हवा उशीसारखी वागते आणि प्रत्येक पावलागणिक आकडा बदलतो. वाट उघडी ठेवली तर त्यातून पाणी शिरते, म्हणून ती शेपटीतून थेट घोट्यावरच्या पेटीपर्यंत न्यावी.

वाकण्याचा हिशेबही आताच करावा. एखादा थर गोलाईवर वाकतो तेव्हा त्याच्या बाहेरच्या पृष्ठावरचा ताण म्हणजे जाडी भागिले गोलाईच्या त्रिज्येची दुप्पट. ०.१ मिलिमीटर जाडीचा कागद १० मिलिमीटर त्रिज्येवर वाकवला तर अर्धा टक्का ताण येतो. तोच कागद ०.४ मिलिमीटर जाड असेल तर दोन टक्के. तांब्याचा पत्रा असा ताण वारंवार सहन करत नाही, त्याला तडा जातो. म्हणून तांबे थरांच्या मधोमध, जिथे ताण सर्वांत कमी असतो, तिथे राहील अशी रचना करावी, आणि चालताना चपला जिथे दुमडते त्या रेषेवर कोणतीही चकती किंवा जोड येऊ देऊ नये. त्या रेषेवरून जाणारी वायर सरळ न नेता नागमोडी न्यावी.

चौथी पायरी : प्रत्यक्ष घडवणे

तांब्याची चिकटपट्टी, काळी फिल्म, आकडे वाचणारा ईएसपी३२ हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड आणि बारीक वायर हे सर्व नागपूरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून किंवा कुरियरने मिळू शकते. पॉलिएस्टरचा कागद स्टेशनरीच्या दुकानात पारदर्शक ओएचपी शीट म्हणून मिळतो. एमसीआर रबर मात्र कुष्ठरोगावर काम करणाऱ्या संस्थांच्या पादत्राण विभागाकडे विचारावे, कारण बाजारात त्याच्यासारखे दिसणारे टणक रबर सर्रास विकले जाते.

पॉलिएस्टर, तांबे आणि फिल्म स्पिरिटने पुसून वाळवावी आणि त्यानंतर चकतीच्या जागी बोट लावू नये, कारण त्वचेचे तेल रोध बदलते. चकतीला एक अरुंद शेपटी ठेवून तांबे कापावे. वायर या शेपटीला आधी सोल्डर करावी आणि नंतरच पट्टी पॉलिएस्टरवर चिकटवावी, कारण पॉलिएस्टर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंशांच्या वर असते. जोडावर पॉलिइमाइडची पिवळसर टेप लावावी. ही टेप उष्णता सहज सोसते आणि वायरचा ओढा जोडावर येऊ देत नाही. काळी फिल्म चकतीपेक्षा चहूबाजूंनी दोन मिलिमीटर मोठी कापावी, नाहीतर वरची आणि खालची तांब्याची कड एकमेकींना टेकून थेट जोडणी होते. नव्याने केलेल्या सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर शून्य दिसला, तर सर्वप्रथम हीच जागा तपासावी. थर एकावर एक ठेवताना सुरकुती राहू देऊ नये. काचेच्या तुकड्यावर ठेवून कापडाच्या बोळ्याने मधून कडेकडे दाबत जावे.

कडा बंद करण्याच्या कामात घाई केली जाते आणि बहुतेक सेन्सर इथेच वाया जातात. आधार कार्ड लॅमिनेट करून देणाऱ्या यंत्रातून सेन्सर काढण्याचा मोह होतो, पण ते यंत्र १०० अंशांच्या वर तापते आणि काळ्या फिल्मची मर्यादा सुमारे ६५ अंशांची आहे. थंड चिकटणारी लॅमिनेशन फिल्म वापरावी. कडांसाठी हार्डवेअरच्या दुकानातले सिलिकॉन सीलंट चालते, मात्र ज्याला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ते घेऊ नये. त्यातून निघणारे ॲसिटिक आम्ल तांब्याला खाते. डब्यावर ‘न्यूट्रल’ लिहिलेले सीलंट मागावे. या सीलंटविषयी आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. जुलै-ऑगस्टमध्ये ते एका रात्रीत जमते, पण एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वरची साय धरते आणि आतला भाग दिवसेंदिवस ओला राहतो. उन्हाळ्यात सीलंट लावलेला सेन्सर झाकणाच्या डब्यात, ओल्या फडक्याशेजारी पण त्याला न टेकवता ठेवावा.

दोन भाग मिसळून तयार होणारे सिलिकॉन वापरायचे ठरवले तर गोष्ट निराळी आहे. सिल्गार्ड १८४ सारख्या प्रकारात दहा भाग मूळ द्रव आणि एक भाग घट्टकारक मिसळतात. ते खोलीच्या तापमानाला सुमारे ४८ तासांत, तर १०० अंशांवर ३५ मिनिटांत जमते. त्यातील प्लॅटिनम उत्प्रेरक गंधकाने निकामी होतो, म्हणून रबरी लॅटेक्सचे हातमोजे घातले तर मिश्रण चिकटच राहते. व्हिनाइलचे हातमोजे घालावेत.

पाचवी पायरी : सर्किट

प्रत्येक सेन्सर एका स्थिर रोधकाशी (रेझिस्टर) ओळीने जोडावा, सेन्सरचे दुसरे टोक ३.३ व्होल्टला आणि रोधकाचे दुसरे टोक ग्राउंडला द्यावे व मधल्या बिंदूचे व्होल्टेज बोर्डाने वाचावे. रोधक किती ओहमचा घ्यावा, हे सेन्सरवरून ठरते. हलक्या आणि जड भाराखालचा रोध मोजून त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. समजा २० किलोपास्कलला रोध २० किलोओहम आणि ४०० किलोपास्कलला अर्धा किलोओहम आला, तर वर्गमूळ ३.१६ येते, म्हणून ३.३ किलोओहमचा सहज मिळणारा रोधक लावावा.

ईएसपी३२ व्होल्टेजचे ० ते ४०९५ या आकड्यांत रूपांतर करतो, पण पल्ल्याच्या दोन्ही टोकांना त्याचे वाचन वाकडे येते, म्हणून आपला उपयोगी भाग मधल्या पट्ट्यात राहील असे पाहावे. हे रूपांतर करणाऱ्या भागाला एडीसी म्हणतात; वाय-फाय सुरू असताना या बोर्डाच्या एडीसी२ गटाच्या पिनांवर वाचन होत नाही, म्हणून चारही सेन्सर एडीसी१ गटाच्या पिनांनाच जोडावेत. ही गोष्ट माहीत नसल्याने अनेक जण चांगला सेन्सर फेकून देतात. दर सेकंदाला ५० ते १०० वाचने चालण्यासाठी पुरेशी आहेत.

रोधाऐवजी वाहकता, म्हणजे १ भागिले रोध, याचा आलेख काढावा. रोध आणि दाबाचा आलेख वेड्यावाकड्या घसरगुंडीसारखा असतो, तर वाहकतेचा आलेख मधल्या पट्ट्यात जवळपास सरळ रेषेत येतो आणि हिशेब सोपा होतो. मधल्या बिंदूचे व्होल्टेज भागिले ‘३.३ वजा तेच व्होल्टेज’ आणि आलेल्या उत्तराला पुन्हा स्थिर रोधकाच्या किमतीने भागले की सेन्सरची वाहकता मिळते.

चारच्या ऐवजी सोळा किंवा चौसष्ट बिंदू मोजण्यासाठी आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी करता येते, पण तिच्यात तीन कोपरे दाबले की चौथा न दाबलेला कोपराही दाबल्यासारखा दिसतो. त्यावर उपाय आहेत, तरी पहिल्या सेन्सरमध्ये ही गुंतागुंत आणू नये.

इशारा पायाजवळ देऊन उपयोग नाही, कारण तो पाय सुन्न आहे. कमरेला किंवा मनगटाला लावलेली थरथरणारी छोटी मोटर किंवा बझर वापरावा. एका पावलाचा एक मोठा आकडा आला म्हणून लगेच वाजवू नये, अन्यथा ती व्यक्ती दुसऱ्याच दिवशी साधन काढून ठेवेल. सलग अनेक पावलांत तीच जागा मर्यादेपलीकडे जात असेल, किंवा मध्यम दाब एकाच जागी बराच वेळ टिकून असेल, तरच इशारा द्यावा.

सहावी पायरी : वजनांनी पडताळणी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि साधनाचे खरे मोल यातच आहे. किराणा दुकानातली वजने वैधमापन विभागाने शिक्का मारलेली असतात, त्यामुळे आपल्या कामाला त्यांच्याइतकी अचूकता पुरेशी आहे. १.५ सेंटिमीटर व्यासाची, खालून पातळ रबर लावलेली लाकडी चकती सेन्सरवर ठेवावी, तिच्यावर उभी काठी आणि काठीच्या टोकाला तबक बसवावे. काठी डगमगू नये म्हणून ती पीव्हीसी पाइपच्या तुकड्यातून सरकती ठेवावी. या चकतीचे क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणून १ किलोला ५५, २ किलोला १११ आणि ५ किलोला २७८ किलोपास्कल असा हिशेब बसतो. २०० किलोपास्कलसाठी ३ किलो ६०० ग्रॅम लागतात. काठी आणि तबकाचे वजनही त्यात धरावे. चकती आणि सेन्सर यांच्यामध्ये रबर ठेवल्यावर हे आकडे रबराच्या वरच्या पृष्ठाचे, म्हणजे पायाच्या बाजूचे असतात आणि आपल्याला तेच हवे आहेत.

नवा सेन्सर लगेच मोजू नये. ५ किलोचा भार काहीशे वेळा ठेवून काढावा, म्हणजे फिल्म आणि तांबे एकमेकांत नीट बसतात. त्यानंतर वजने चढत्या क्रमाने ठेवत प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून आकडा लिहावा आणि मग त्याच क्रमाने उतरवत लिहावा. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला येणाऱ्या आकड्यांतला फरक पूर्ण पल्ल्याच्या किती टक्के आहे ते काढावे. मग ३ किलो वजन तसेच ठेवून १० सेकंद, १ मिनिट आणि १० मिनिटांनंतरचा आकडा नोंदवावा, म्हणजे सेन्सर किती सरकतो ते कळेल. हे सर्व तीन वेगवेगळ्या दिवशी करावे. २०० किलोपास्कलच्या आसपास आकडा ४० ने वरखाली होत असेल, तर इशाऱ्याची मर्यादा २०० न ठेवता १६० ठेवावी. चूक झालीच तर ती अनावश्यक इशाऱ्याच्या बाजूने व्हावी. आकड्यांचा विस्कळीतपणा याहून जास्त असेल तर तो सेन्सर बाजूला काढावा, प्रोग्रॅममध्ये सरासरी काढून त्याला सुधारण्याचा प्रयत्न करू नये.

सातवी पायरी : ऊन, घाम आणि काळी माती

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात काढून ठेवलेली चपला त्याहून बरीच तापते. तापमानाबरोबर फिल्मचा रोध बदलतो, म्हणून वजनांची तीच मालिका पहाटे आणि भर दुपारी करून पाहावी. फरक मोठा असेल तर सेन्सरशेजारी १० किलोओहमचा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग, बसवून त्यानुसार आकडा दुरुस्त करावा. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे. टिनाच्या छपराखाली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते, तेव्हा चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करावे आणि वीज नेमकी तेव्हा जात असेल तर बॅटरीची क्षमता दोन दिवस पुरेल इतकी घ्यावी.

घामाची परीक्षा सोपी आहे. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भिजवलेल्या फडक्यात सेन्सर रात्रभर गुंडाळावा. सकाळी भार नसतानाचा आकडा आदल्या दिवशीइतकाच आला पाहिजे. तो वाढला असेल तर कडेतून पाणी शिरले आहे. हिरवट डाग दिसला तर तांबे खराब होऊ लागले आहे आणि तो सेन्सर दुरुस्त होत नाही. पावसाळ्यातली काळी माती वेगळाच त्रास देते : ती तळाला चिकटून जाड थर करते, पाय तिरपा पडतो आणि भाराच्या जागाच बदलतात. त्या दिवसांत दाखवलेला जास्त दाब खोटा नसतो, पण तो पायाविषयी कमी आणि चिखलाविषयी जास्त सांगतो, हे वापरणाऱ्याला समजावून द्यावे.

टिकाऊपणासाठी एवढा हिशेब पुरेल : दिवसाला ५,००० पावले म्हणजे एका पायाची २,५०० आणि महिन्याला ७५,००० दाबणी. गॅरेजमधली जुनी वायपर मोटर आणि एक भुजा यांनी सेकंदाला एक दाबणी देणारे यंत्र बनवले, तर एक महिन्याची झीज २१ तासांत पाहता येते. त्यानंतर वजनांची मालिका पुन्हा करावी.

आठवी पायरी : एकावरून पन्नासांकडे

हाताने कापलेले दहा सेन्सर दहा प्रकारे वागतात. संख्या वाढवायची असेल तर रचना बदलावी लागते. एका कागदावर कंगव्याच्या दात्यांसारख्या एकमेकांत शिरलेल्या दोन धातूच्या रेषा आणि वरच्या कागदावर कार्बनचा थर, अशी मांडणी बाजारातल्या बलसंवेदी रोधकांत असते. वर दाब पडला की कार्बन अधिकाधिक दात्यांना जोडतो. हिचा फायदा असा, की सर्व वायर एकाच कागदावर राहतात आणि सगळे छापता येते. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे चौकट, जाळी आणि शाई ओढायची रबरी पट्टी (स्क्वीजी) असतेच. चांदीच्या पेस्टमधले कण मोठे असल्याने त्याला विरळ जाळी लावायला सांगावे. ही पेस्ट बहुधा १२० ते १३० अंशांवर भाजावी लागते आणि त्या तापाने साधे पॉलिएस्टर आकसते, म्हणून कागद छपाईपूर्वीच एकदा तापवून घ्यावा, नाहीतर वरचा आणि खालचा थर जुळत नाही.

माझा स्वतःचा कल मात्र वेगळा आहे. दात्यांचा भाग लवचीक सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडून पॉलिइमाइडवर, सोन्याचा मुलामा देऊन करून घ्यावा आणि फिल्म बसवणे, कडा बंद करणे व वजनांनी पडताळणी ही कामे गावात करावीत. कारखान्याचा बोर्ड महाग पडतो, पण सेन्सर-सेन्सरमधला फरक बराच आटोक्यात येतो आणि घामापुढे सोने तांब्यापेक्षा जास्त टिकते. जुळवणीचे काम शिवणकामाचा हात असलेल्या बचत गटातील महिला थोड्या सरावाने नेमके करू शकतात. या कामात ताकदीपेक्षा बोटांची शिस्त लागते.

प्रत्येक सेन्सरला क्रमांक द्यावा आणि त्याच्यासोबत एक कार्ड ठेवावे : कोणत्या तारखेला बनवला, फिल्मचा कोणता तुकडा वापरला, चढत्या-उतरत्या वजनांचे आकडे किती, शेवटची पडताळणी कधी झाली. रुग्णाच्या पायात हे साधन घालण्यापूर्वी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलावे, तिथल्या नैतिकता समितीची परवानगी घ्यावी, आणि विकण्याचा विचार असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ वाचून त्यानुसार पुढे जावे. वापर सुरू झाल्यावर पहिला महिना दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा सेन्सर काढून ३ किलो ६०० ग्रॅमच्या वजनाखाली तपासावा. आकडा कार्डावरच्या आकड्यापासून पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ढळला, तर सेन्सर बदलावा आणि जुन्याचा क्रमांक कार्डावर खोडून ठेवावा.